गावाच्या पावसाचा जमाखर्च

२०१६ साली आलेल्या बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात पहिलाच धडा हवा, पाणी आणि जमीन या नैसर्गिक संसाधनांवर आहे. भूगोलाच्या पुस्तकातही संसाधनांवर धडा आहे आणि त्याला लागून ऊर्जा साधनांवर. नववीत तर जलसुरक्षा हा वेगळा विषयच आला. तेव्हा शाळेत हे शिकवत नाहीत अशी तक्रार करायला जागा नाही. तक्रार आहे ती धडा संपल्यावर जे होतं त्याबद्दल. 'पाणी काटकसरीने का वापरावे?' या प्रश्नाखाली मुलं ठरलेले मुद्दे उतरवतात: दात घासताना नळ बंद ठेवावा, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करावी, गळका नळ दुरुस्त करावा, झाडे लावावीत. २२ मार्चला जलदिनाची फेरी निघते, घोषणा होतात आणि विषय मिटतो.

यातला एकही मुद्दा चुकीचा नाही. पण मराठवाड्यातल्या किंवा नगर-सोलापूरकडच्या ज्या गावात फेब्रुवारीतच विहिरी तळ गाठतात, तिथल्या मुलीच्या घरी शॉवर नसतो. टँकर आला की शाळा बुडवून हंडे लावायला तीच पळते. तिला काटकसर शिकवायची गरज नाही, तांब्या-तांब्याचा हिशेब तिला पाठ आहे. तिला ठाऊक नसतं ते वेगळंच, आणि ते कळण्याचा तिला हक्क आहे. पाऊस पडला होता, ओढा दुथडी वाहिला होता, ऑगस्टात विहिरी भरल्या होत्या. मग ते पाणी गेलं कुठे?

हा प्रश्न सहावी ते आठवीची मुलं स्वतः सोडवू शकतात, असं माझं ठाम मत आहे. लागणारं गणित त्यांच्या वह्यांत आधीच आहे: गुणाकार, शेकडेवारी, एककांचं रूपांतर, आठवीत वर्तुळाचं क्षेत्रफळ. शिवाय या वयात न्याय-अन्यायाची जाण फार तीव्र असते. खेळात कुणी जास्त डाव घेतले तर मुलं भांडायला उठतात. संसाधनांचा विषय शिकवायला याहून चांगलं वय नाही.

सुरुवात पावसाच्या मापापासून करावी. 'काल वीस मिलिमीटर पाऊस झाला' हे वाक्य मुलांच्या कानावरून जातं, पण वीस मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हे मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखावा. त्यावर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर आहे असं धरून मुलांना घनफळ काढू द्यावं. शंभर सेंटिमीटर गुणिले शंभर सेंटिमीटर गुणिले ०.१ सेंटिमीटर, म्हणजे १००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. दर चौरस मीटरला, दर मिलिमीटरला एक लिटर. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये. ते मुलांच्या हातून निघालं की पुढचं सगळं त्यांच्या ताब्यात येतं. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावर ६०,००० लिटर पाणी पडतं, हे मग कुणी शिकवावं लागत नाही.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा, म्हणजे पाणी उडून जात नाही. बाटलीचा तळ वरखाली असतो, तिथे माप चुकतं. म्हणून तळात खडे टाकून, सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरावं आणि त्या रेषेला शून्य म्हणावं. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं. बाटली उघड्यावर, भिंत आणि झाडापासून लांब, चार विटांच्या आधाराने उभी करावी. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. आकडा वहीत गेला की बाटली पुन्हा शून्याच्या रेषेवर आणायची. रविवारी आणि सणाला काय करायचं, हा पहिला पेच पडतो. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी पाळ्या लावून घेतल्या तर तोही सुटतो. शिस्तबद्ध नोंद ठेवणं हा या शिक्षणाचा निम्मा भाग आहे. एक दिवस चुकला तर तो अंदाजाने भरू नये, रिकामा ठेवावा. खोटा आकडा आणि नसलेला आकडा यांतला फरक मुलांना इथेच कळतो.

महिन्याभराने आपला आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून बघावा. तो बहुधा जुळणार नाही. पाऊस शिवारागणिक वेगळा पडतो, आणि मंडळाचं यंत्र दुसऱ्या गावात असतं. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला असतो. घरात मोठी माणसं तावातावाने काय बोलतात, ते सातवीच्या मुलाला आता समजायला लागतं.

आता गावाचा हिशेब. सोपे आकडे घेऊ: गावाचं शिवार हजार हेक्टर, लोकसंख्या हजार, पाऊस ५०० मिलिमीटर. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर, तेव्हा शिवारावर पडलेलं पाणी ५०० कोटी लिटर. आकडा फळ्यावर आला की वर्गाला पहिला धक्का बसतो. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण ठरवलं आहे. त्या मानाने हजार माणसांना वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पुरतं. ५०० कोटी पडले, २ कोटी लागतात, तरी टँकर का?

इथे खडकाची गोष्ट सांगावी लागते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. हा बेसाल्ट स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकातल्या भेगांत. पडलेल्या पावसातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं वाफ होऊन जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि पिकं ती पितात. विहिरींना पुढे मिळेल असं जमिनीत मुरतं ते शंभरातलं दहाच्या आगेमागे. म्हणजे आपल्या गावाच्या हाती ५०० कोटींतले ५० कोटी लिटर. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बंधारे यांनी हा वाटा काहीसा वाढतो. मुरमात मावेल त्यापलीकडे मात्र तो नेता येत नाही.

वजाबाकी सुरू करू. माणसांचे २ कोटी. चारशे जनावरं, प्रत्येकी रोज ५० लिटर, म्हणजे ७३ लाख. उरले ४७ कोटी, आणि ते शेतीसाठी. गहू-हरभऱ्याला पाण्याची एक पाळी द्यायची म्हणजे हेक्टरी साधारण ६ सेंटिमीटर पाणी, सहा लाख लिटर. हरभऱ्याला अशा तीन पाळ्या दिल्या तर १८ लाख. म्हणजे ४७ कोटींत २६० हेक्टर हरभरा निघेल. उसाला वर्षभरात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा २००० धरला आणि पावसाचे सगळेच्या सगळे ५०० त्यातून वजा केले, तरी हेक्टरी दीड कोटी लिटर विहिरीतून द्यावे लागतात. ४७ कोटींत ऊस होतो ३१ हेक्टर. ३१ हेक्टर ऊस लावला की हजार हेक्टरांतल्या बाकी शिवाराला रब्बीत थेंब उरत नाही. ३२ व्या हेक्टरावर ऊस लागला तर तो पिण्याच्या पाण्यातून पोसला जातो.

एक हेक्टर ऊस वर्षाला २ कोटी लिटर पाणी घेतो आणि हजार वस्तीचं गाव घरात वापरतं तेही २ कोटी लिटर. या दोन आकड्यांवर वर्गात जितका वेळ जाईल तितका जाऊ द्यावा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. त्या अख्ख्या गाडीतलं पाणी वर्षभरात साडेबारा गुंठे उसाला लागतं. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे ४ टक्के ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असं केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच उसावरच्या अहवालात नोंदवलं आहे. दात घासताना बंद केलेला नळ या हिशेबात दिसतही नाही.

शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते. वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी ऊस असतो. मागच्या बाकावरची काही मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, कारण त्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले असतात. या दोन्ही मुलांना आपल्या बापाची लाज वाटेल असं एक वाक्यही शिक्षकाच्या तोंडून जाता कामा नये. शेतकरी ऊस लावतो कारण कायद्याने ठरलेला दर मिळतो, कारखाना माल उचलतो, आणि गारपीट झाली तरी पीक सहसा उभं राहतं. हरभऱ्याचा भाव काढणीच्या वेळी काय असेल, हे त्याला कुणी सांगत नाही. हेही फळ्यावर आलं पाहिजे. ठिबकने उसाचं पाणी बऱ्यापैकी वाचतं, हेही. प्रश्न 'ऊस वाईट का?' असा नसून 'आपल्या गावाला किती परवडतो आणि ते कुणी ठरवायचं?' असा आहे. मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारावं, वडिलांना विचारावं, आणि उत्तरं वर्गात मांडावीत. आजोबांच्या वेळी मोट किती परसावर चालायची आणि आज बोअर किती फुटांवर आहे, एवढी दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहिली तरी गावाचा पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे येतो.

पुस्तकी आकड्यांना गावाचा आधार हवा, म्हणून एक विहीर वर्गाने दत्तक घ्यावी. पक्का कठडा असलेली निवडावी, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही, हा नियम आधी करावा. मीटरमीटरवर गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजायची. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. वर्गाने महिन्यातून एकदा मोजावी. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर उतरलं म्हणजे सुमारे २८,००० लिटर गेलं. मोटर बंद केल्यावर ती किती तासांत पुन्हा भरते, हेही नोंदवावं. नोव्हेंबरात रात्रीतून भरणारी विहीर मार्चमध्ये दोन दिवस घेते. ही नोंद मुलांनी स्वतः घेतली की जमिनीखालचं पाणी आटतं म्हणजे काय, हे त्यांना आकृतीशिवाय कळतं. शेजारच्या मळ्यात नवी बोअर लागल्यावर आपल्या विहिरीची पातळी घसरली, असंही कधी दिसेल. त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: जमिनीखालचं पाणी कुणाचं?

त्यासाठी एक खेळ आहे, चिंचोक्यांचा. चौघांचा गट, मध्ये वाटीत सोळा चिंचोके. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने शून्य ते चार चिंचोके उचलायचे. फेरी संपली की वाटीत जितके उरले तितकेच शिक्षक आणखी टाकतात, पण सोळाच्या वर कधीच नाही. पाच फेऱ्या. पहिल्यांदा खेळताना बोलायची परवानगी नाही. बहुतेक गटांची वाटी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच रिकामी होते, कारण मी कमी घेतले तर दुसरा जास्त घेईल ही धास्ती प्रत्येकाला असते. दुसऱ्या डावात बोलू द्यावं. आता मुलं गणित मांडतात: प्रत्येकी दोन घेतले तर आठ उरतात, त्याचे सोळा होतात, आणि वाटी कधीच संपत नाही. मग वाद सुरू होतो: एखाद्याने गुपचूप तीन घेतले तर? पहारा कोण ठेवणार? दंड काय?

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक संसाधनांची शोकांतिका म्हणून जे मांडलं, ते पहिल्या डावात घडतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली कुरणं, मासेमारी, पाटपाणी अभ्यासून दाखवलं की लोक आपापसांत नियम करून ही शोकांतिका टाळू शकतात. ते दुसऱ्या डावात घडतं. त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना ही नावं सांगावीत, पण त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावची गोष्ट सांगावी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजक-अभियंत्याने तिथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनांनाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने उपसायचं ही समजूत रुजलेली असताना, हे नियम केवढे धाडसाचे होते, हे चिंचोक्यांचा खेळ खेळलेल्या मुलाला चटकन उमगतं.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार मुलांनी ऐकलेलं असतं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या गावाच्या कौतुकात चर, बंधारे आणि झाडांचे फोटो दिसतात. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली वर्षाची ग्रामसभा. पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, आधी पिण्याचं बाजूला काढून, मग रब्बीत काय आणि किती पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला बंदी. पाणी अडवणारी गावं महाराष्ट्रात पुष्कळ झाली. अडवलेलं पाणी वापरायला मर्यादा घालून घेणारी फार थोडी, आणि फरक तिथेच पडला.

शहरातल्या शाळांनी हाच जमाखर्च धरणापासून सुरू करावा. पुण्याच्या मुलांना खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी साठवण आहे हे ठाऊक असावं, आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेती डोळे लावून असते हेही. मुंबईच्या मुलांनी नकाशावर शहापूर तालुका शोधावा. भातसा, तानसा यांचं पाणी तिथून मुंबईच्या नळाला येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो.

वस्तूंमध्ये दडलेलं पाणीही शिकवावं, पण जपून. एका सुती टी-शर्टामागे अडीच हजार लिटरहून जास्त पाणी लागतं, हा जागतिक सरासरीचा आकडा मुलांना थक्क करतो. मात्र विदर्भातल्या कोरडवाहू कापसाने प्यायलेलं पाणी बहुतांशी पावसाचं असतं, ते तसंही त्याच शेतात पडणार होतं. वाळवंटात नदी वळवून पिकवलेल्या कापसाचं पाणी वेगळं. किती पाणी, यासोबत कुठलं पाणी, हे विचारायची सवय लागली तर मूल जाहिरातीतल्या 'पर्यावरणपूरक' या शिक्क्यालाही दोन प्रश्न विचारील. कपडा दोन वर्षं जास्त वापरला, धाकट्याला दिला, तर नवा घ्यायचा वाचतो. आपल्या घरांत ही रीत होतीच, ती गरिबीची खूण मानली जाऊ नये एवढंच बघायचं.

या सगळ्याला खर्च जवळपास शून्य येतो, वेळ मात्र लागतो: जून ते मे असं पूर्ण वर्ष. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या वेळी पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. सरपंचांकडून त्या सभेतली दहा मिनिटं मागून घ्या आणि तुमच्या सातवीच्या वर्गाला गावाचा पाऊस, विहिरीची पातळी आणि पाण्याचा ताळेबंद तिथे वाचून दाखवू द्या.